१३ वर्षं पायी फिरून जमीन मागणारे विनोबा. भूदान पदयात्रा नेमकी चालायची कशी आणि त्या जमिनीचं पुढे काय झालं?

शनिवारी रात्री बसने निघायचं, पहाटे पायथ्याला उतरायचं, हेडटॉर्च लावून गड चढायचा आणि उतरताना प्लॅस्टिकच्या बाटल्या गोळा करून आणायच्या. महाराष्ट्रातल्या हजारो तरुणांना हा कार्यक्रम पाठ आहे. एखाद्या कारणासाठी निधी गोळा करणारे वॉक, श्रमदानाची शिबिरं, तळ्यातला गाळ काढण्याचे रविवारही आता नवे राहिलेले नाहीत. मात्र याच मातीतला एक माणूस वयाच्या ५५ व्या वर्षी माणसं बरोबर घेऊन चालायला निघाला आणि साधारण १३ वर्षं चालतच राहिला. त्याने निधी मागितला नाही, जमीन मागितली. आणि लोकांनी चाळीस लाखांहून जास्त एकर जमीन कागदावर लिहून दिली.

आचार्य विनोबा भावे हे नाव शाळेच्या पुस्तकात भूदान चळवळ या दोन शब्दांपुढे फारसं जात नाही. ती पदयात्रा रोज कशी चालायची, कोण कुणाला काय द्यायचं आणि मिळालेल्या जमिनीचं शेवटी काय झालं, हा भाग परीक्षेत विचारत नाहीत. खरी गोष्ट तिथेच आहे.

गागोदे ते साबरमती

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला, त्यामुळे शिक्षण तिथे झालं. गणितात मुलगा हुशार होता. पण शाळा-कॉलेजात मन रमेना, पायी भटकण्यात रमे. एक दिवस त्यांनी आपली प्रमाणपत्रं आईसमोर चुलीत घातली. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईची गाडी धरली, सुरतला उतरले आणि थेट काशीची वाट धरली. तिथे असताना गांधीजींच्या बनारस हिंदू विद्यापीठातल्या गाजलेल्या भाषणाची चर्चा त्यांच्या कानावर आली. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. विनोबा तेव्हा २० वर्षांचे होते.

पुढच्या वर्षीचा प्रसंग फारसा सांगितला जात नाही, पण ट्रेकर मंडळींना तो नक्की आवडेल. प्रकृती आणि अभ्यास या दोन कारणांसाठी विनोबांनी आश्रमातून वर्षभराची रजा घेतली आणि ते वाईला गेले. तिथे प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे वेदान्ताचा अभ्यास केला. मग महाराष्ट्रात चार-पाच जिल्ह्यांतून सुमारे ४०० मैलांची पायपीट केली. म्हणजे साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत रायगड, सिंहगड, तोरणा हे किल्ले पाहिले आणि गावोगावी गीतेवर प्रवचनं दिली. वाईत विद्यार्थ्यांसाठी वाचनालय काढलं. त्याला पैसे हवे होते, तर वर्गणी मागत फिरण्याऐवजी विनोबा आणि बरोबरची पंधराएक मुलं लोकांचं दळण दळून द्यायला बसली. जात्यावरची मजुरी वाचनालयाच्या खात्यात जमा झाली.

या सगळ्याचा हिशेब विनोबांनी गांधीजींना पत्रातून कळवला. काय शिकलो, किती चाललो, किती दळलं, काय खाल्लं, अगदी तपशीलवार. आणि वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी ते आश्रमात हजर झाले. पुढे तीन दशकांनी देशाने जे पाहिलं, त्याचा छोटा नमुना इथेच तयार झाला होता. चालणं, गावात मुक्काम, बोलणं, अंगमेहनत आणि हिशेब.

कुदळ आणि खराटा

१९२१ मध्ये गांधीजींनी त्यांना वर्ध्याचा आश्रम सांभाळायला पाठवलं. पुढची तीस वर्षं बहुतेक वर्ध्याच्या आसपास आणि अधूनमधून तुरुंगात गेली. गीतेचा मराठी समश्लोकी अनुवाद म्हणजे गीताई १९३१ मध्ये पूर्ण झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली, म्हणून आज ती पुस्तकरूपात आपल्या हातात आहेत. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली, तोवर देशातल्या बहुतेकांना हे नाव ठाऊक नव्हतं.

शरीर मात्र दणकट अजिबात नव्हतं. १९३८ मध्ये त्यांचं वजन साधारण ४० किलोवर आलं होतं. थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्या, असा सल्ला मिळाला. ते गेले वर्ध्यापासून जवळच धाम नदीकाठी पवनारला, जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात. तिथे त्यांनी रोज थोडी थोडी जमीन खणायला सुरुवात केली. आधी काही मिनिटंच, मग हळूहळू वेळ वाढवत. काही महिन्यांत तब्येत सुधारली. आजच्या फिटनेस ट्रेनरलाही हे वेळापत्रक पसंत पडेल.

१९४६ नंतर जवळपास दोन वर्षं त्यांचा एक नेम होता. पवनारहून काही किलोमीटरवरच्या सुरगावला खांद्यावर फावडं घेऊन पायी जायचं, गावातली घाण साफ करायची आणि परत यायचं. पाऊस असो वा ऊन. फोटो नाही, बॅनर नाही आणि बरोबर फारशी माणसंही नाहीत. पदयात्रेतला नियमितपणा कुठून आला, असा प्रश्न पडला तर सुरगावचा हा रस्ता लक्षात घ्यायला हवा.

पोचमपल्लीत काय घडलं?

१९५१ च्या वसंतात हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन भरणार होतं. विनोबांची आधी जायची इच्छा नव्हती. सहकाऱ्यांनी आग्रह केला तेव्हा ते तयार झाले, पण चालत. मार्चमध्ये ते पवनारहून निघाले आणि महिनाभरात सुमारे ३०० मैल चालून पोहोचले.

तेलंगणात त्या वेळी जमिनीवरून रक्त सांडत होतं. जमीनदारांविरुद्ध कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र उठाव झाला होता. दिवसा पोलीस आणि रात्री बंडखोर, अशा कात्रीत गावं सापडली होती. संमेलन संपल्यावर विनोबा हैदराबादच्या तुरुंगात कम्युनिस्ट कैद्यांना भेटले आणि मग थेट त्या धगधगत्या भागात शिरले. सोबत काही मोजकी माणसं, संरक्षण काही नाही.

१८ एप्रिलला ते पोचमपल्ली गावात पोहोचले. तिथल्या दलित वस्तीतल्या ४० कुटुंबांनी गाऱ्हाणं मांडलं. काम नाही, जमीन नाही. किती हवी, असं विचारल्यावर उत्तर आलं ८० एकर, निम्मी ओलिताची आणि निम्मी कोरडवाहू. विनोबांच्या मनात आधी आलं ते सरकारकडे अर्ज करण्याचं. पण सरकारी जमीन मिळायला किती वर्षं लागतील, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारलं, तुमच्यापैकी कुणी देऊ शकेल का. व्ही. रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि १०० एकर देतो म्हणाले. मागणीपेक्षा २० एकर जास्त.

हे कुणी ठरवून आखलेलं नव्हतं. विनोबा त्या रात्री फारसे झोपले नाहीत, असं त्यांनीच नंतर सांगितलं आहे. हा योगायोग समजून सोडून द्यायचा की हीच पद्धत म्हणून पुढे न्यायची, हा विचार चालू होता. सकाळी उठून पुढच्या गावाला निघाले आणि तिथे त्यांनी आपणहून जमीन मागितली. मिळाली. तेलंगणातल्या दोनेक महिन्यांत सुमारे १२ हजार एकर जमा झाली.

पदयात्रेचा दिवस कसा असायचा?

पावसाळ्यासाठी विनोबा पवनारला परतले. नियोजन आयोगाशी चर्चेसाठी पंतप्रधान नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावलं. त्यांनी निमंत्रण स्वीकारलं, पण विमान किंवा रेल्वे नाकारली. १२ सप्टेंबर १९५१ ला निघून ते १३ नोव्हेंबरला राजघाटावर पोहोचले. जवळपास ८०० मैल. वाटेतही जमीन मिळत गेली. आयोगाचे सदस्य मग चर्चेसाठी त्यांच्या झोपडीत आले.

त्यानंतर रोजचा क्रम पक्का झाला. पहाटे तीनला उठणं, प्रार्थना आणि अंधारातच कंदिलाच्या उजेडात कूच. विनोबा सर्वांत पुढे आणि त्यांचा वेग इतका की मागच्यांना मधूनच पळावं लागे. दिवसाला साधारण १० ते १२ मैल, कधी जास्त. ऊन चढायच्या आत पुढचं गाव गाठायचं. अल्सरमुळे आहारात मुख्यतः दही, दूध आणि मध, तेही थोडं थोडं, ठरावीक वेळाने. दिवसभर भेटीगाठी, सायंकाळी प्रार्थनासभा आणि भाषण, मग लवकर झोप. उद्या पुन्हा पहाटे तीन.

यात दिसत नसलेली मोठी यंत्रणा होती ती कार्यकर्त्यांची. काही जण एक-दोन दिवस आधीच पुढच्या गावी जात. मुक्कामाची जागा, पाणी, सभेची दवंडी पाहत. आणि मुख्य म्हणजे गावात कुणाकडे किती जमीन आहे, भूमिहीन किती आहेत, हे समजून घेत. सभेनंतर दानपत्रं भरली जात. देणाऱ्याचं नाव, क्षेत्र, गाव, सही किंवा अंगठा. यात्रेत सामील होणारे बदलत राहत. कुणी एका गावापुरतं, कुणी महिनाभर, तर कुणी आयुष्यभरासाठी. नागपूरच्या निर्मला देशपांडे १९५२ मध्ये आल्या आणि वर्षानुवर्षं चालल्या. परदेशातूनही लोक येत. इंग्रज कवी टेनिसन यांचे पणतू हॅलम टेनिसन त्यांच्यासोबत चालले आणि त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. मे १९५३ मध्ये अमेरिकेच्या टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर विनोबा झळकले.

मागण्याची पद्धत साधी होती. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा भूमिहीनाला द्या, असा त्यांचा युक्तिवाद असे. म्हणजे एक षष्ठांश. देशभराचा हिशेब मांडून त्यांनी ५ कोटी एकरांचं लक्ष्य ठेवलं. गरीब शेतकऱ्याकडूनही ते गुंठाभर जमीन घेत. यावर टीका झाली, ज्याच्याकडे एकरभर आहे त्याच्याकडून कशाला घेता? विनोबांचा हेतू वेगळा होता. लहान माणूस देतो हे पाहिल्यावर मोठ्याला नाही म्हणणं अवघड जातं. समोरच्यांच्या डोळ्यांसमोर दिलेल्या देणगीचा हा दबाव आजच्या क्राउडफंडिंगवाल्यांना चांगला ठाऊक आहे.

बिहारमध्ये आकडे उडाले

१९५२ च्या सप्टेंबरमध्ये यात्रा बिहारमध्ये शिरली आणि १९५४ च्या अखेरपर्यंत तिथेच राहिली. १९५२ च्याच शेवटी चांडिलला मलेरियाने त्यांना गाठलं. बरेच दिवस औषध नाकारून त्यांनी सगळ्यांना घाबरवलं आणि शेवटी डॉक्टरांचं ऐकलं. सप्टेंबर १९५३ मध्ये देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात दलितांना घेऊन गेले असता पंड्यांनी मारहाण केली. त्यात विनोबांनाही मार बसला. कुणालाही शिक्षा होऊ नये, अशी भूमिका त्यांनी घेतली. पाच वर्षांनी, मे १९५८ मध्ये, पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात ते वेगवेगळ्या धर्मांच्या सहकाऱ्यांसह गेले, तेव्हा दार उघडं होतं. साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणाने दलितांसाठी उघडलेलं तेच दार.

बिहारमध्ये २० लाखांहून अधिक एकर जमिनीचं दान जाहीर झालं. देशभरातल्या एकूण दानाच्या जवळपास निम्मं. काही संस्थानिकांनी एकेका सहीत लाखभर एकर दिली. १९५४ मध्ये बोधगयेच्या संमेलनात जयप्रकाश नारायण यांनी सक्रिय राजकारण सोडून या कामाला आयुष्य दिलं. चळवळीचा हा सर्वोच्च बिंदू होता. आणि घसरणही इथूनच मोजावी लागते.

मिळालेली जमीन गेली कुठे?

या लेखकाने इंजिनिअरिंग केलं आहे, त्यामुळे खटकणारी गोष्ट सरळ सांगतो. पदयात्रेत मोजलं जात होतं ते दान, वाटप नव्हे. रोज संध्याकाळी एकरांचा आकडा जाहीर व्हायचा. यात्रा पहाटे पुढे निघून जायची आणि दानपत्र मागे राहायचं. ते पुढे कोणी न्यायचं?

दानपत्र म्हणजे सातबारा नव्हे. देणाऱ्याचा मालकी हक्क खरा आहे का, जमीन गहाण आहे का, भावाभावांचा वाद आहे का, हे तपासायचं, मोजणी करायची, भूमिहीनांची गावसभा घ्यायची, त्यांनी आपसात ठरवायचं, किमान एक तृतीयांश वाटा दलितांना जाईल हे पाहायचं आणि मग तलाठ्याकडे नोंद. एका गावासाठी हे कित्येक दिवसांचं काम. बिहारमध्ये यासाठी १९५४ मध्ये कायदा झाला, इतर राज्यांतही भूदान मंडळं आली. पण कार्यकर्ते मोजके होते आणि महसूल खात्याला घाई नव्हती.

त्यात जमिनीची प्रत. खडकाळ माळ, नदीपात्र, जंगल, कोर्टात अडकलेले तुकडे, असं बरंच काही दानात आलं. जमीनदारी निर्मूलनाच्या कायद्यात तशीही जाणारी जमीन काहींनी आधीच दान करून पुण्य पदरात पाडून घेतलं. काहींनी सही केली आणि यात्रा गेल्यावर ताबा दिलाच नाही. वारसांनी नाकारलं, हेही घडलं. चाळीस लाखांहून अधिक एकरांपैकी मोठा हिस्सा कधी वाटलाच गेला नाही. ज्यांना पट्टे मिळाले, त्यांतल्या अनेकांना बैल, बियाणं, पाणी मिळालं नाही. ५ कोटींचं लक्ष्य तर फारच दूर राहिलं.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जी काही लाख एकर जमीन प्रत्यक्ष भूमिहीनांच्या नावावर झाली, ती एकही गोळी न झाडता आणि एकही रुपया भरपाई न देता झाली. आपल्याकडच्या कमाल जमीन धारणा कायद्यांच्या अंमलबजावणीचा इतिहास पाहिला, तर भूदानाचा निकाल सरकारी प्रयत्नांच्या तुलनेत लाजिरवाणा अजिबात नाही. पण विनोबांचं सगळं बळ हे त्यांच्या उपस्थितीत होतं आणि एक माणूस एका वेळी एकाच गावात असू शकतो. ही त्रुटी त्यांनाही दिसत होती, असं मला वाटतं. म्हणूनच ते पुढे जमिनीच्या तुकड्यांवरून अख्ख्या गावाकडे वळले.

ग्रामदान, चंबळ आणि पुन्हा पवनार

उत्तर प्रदेशातल्या मंगरोठ गावाने १९५२ मध्येच सगळी जमीन एकत्र देऊ केली होती. मालकी गावाची, कसणं सर्वांचं. ओडिशातल्या कोरापूट भागात, मुख्यतः आदिवासी गावांत, १९५५ मध्ये अशी गावं मोठ्या संख्येने पुढे आली. नंतर अटी सोप्या केल्या आणि साठच्या दशकात लाखाहून अधिक गावांच्या ग्रामदानाच्या घोषणा झाल्या. कायद्याने शिक्कामोर्तब झालेली गावं त्या मानाने मोजकी. इथेही घोषणा आणि नोंद यांतलं अंतर तसंच राहिलं.

मधल्या काळात १९५८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले, त्यात विनोबांचं नाव होतं. मे १९६० मध्ये ते चंबळच्या खोऱ्यात चालत गेले आणि २० दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. सप्टेंबर १९६२ मध्ये आसामहून बाहेर पडताना ते तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून पायी गेले. तिथल्या गावांमध्येही त्यांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि ती मिळाली. अखेर एप्रिल १९६४ मध्ये ते पवनारला परतले, तेव्हा ६८ वर्षांचे होते. दरम्यान १९५९ मध्ये पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं होतं. तिथल्या बहिणी शेती, स्वयंपाक, छपाई, सारं स्वतःच्या हाताने करत.

शेवटचं दशक वादाचं गेलं. जयप्रकाशांच्या आंदोलनापासून ते दूर राहिले. वर्षभराच्या मौनाच्या काळात आणीबाणी आली. महाभारतातल्या अनुशासन पर्वाचा त्यांनी केलेला उल्लेख सरकारने आणीबाणीच्या समर्थनार्थ भिंतींवर रंगवला. आपल्याला आचार्यांचं अनुशासन अभिप्रेत होतं, हा त्यांचा खुलासा फारसा कुणी ऐकला नाही. त्यांच्यावर सरकारी संत हा शिक्का बसला आणि महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या मनातून तो अजून पुसलेला नाही.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध बंद केलं. १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, पवनारला त्यांचं निधन झालं. पुढच्या वर्षी भारतरत्न जाहीर झालं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने २०१३ मध्ये, म्हणजे पहिल्या ग्रामदानानंतर साठ वर्षांनी, महाराष्ट्राच्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन आपली सगळी शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. आणि तेलंगणातल्या त्या गावाचं नाव आता भूदान पोचमपल्ली असं आहे. हैदराबादहून वीकेंडला तिथे गर्दी होते, ती मुख्यतः इकत साड्यांच्या खरेदीसाठी.